गोठणबिंदू वर का सरकत होता? वनस्पती तेलापासून विमान इंधन बनवणाऱ्या एका पथदर्शी संयंत्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

अखाद्य वनस्पती तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून विमानाच्या इंधनात मिसळता येईल असा केरोसीनसारखा घटक तयार करणाऱ्या एका पथदर्शी संयंत्राचे हे प्रकरण आहे. संस्थेची ओळख पटू नये म्हणून तेलबियांचे नाव, संयंत्राची क्षमता आणि तिथल्या नोंदवहीतील नेमकी मोजमापे वगळली आहेत. पुढे जे आकडे येतात ते या प्रक्रियेच्या सर्वज्ञात रसायनशास्त्राचे किंवा इंधनाच्या प्रमाणकांचे आहेत.

वनस्पती तेल हे मुख्यतः ट्रायग्लिसराइड असते. ग्लिसरॉलच्या एका रेणूला फॅटी ॲसिडच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात आणि बहुतेक तेलांत त्या १६ किंवा १८ कार्बनच्या असतात. विमानाच्या इंधनात ऑक्सिजन चालत नाही, त्यामुळे पहिले काम तो काढण्याचे. या संयंत्रात पहिल्या रिॲक्टरमध्ये ॲल्युमिनावर बसवलेला निकेल-मॉलिब्डेनमचा सल्फाइड उत्प्रेरक हे काम करत होता. ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने काढला तर १८ कार्बनची साखळी शाबूत राहते, पण संपृक्त (दुहेरी बंध नसलेल्या) ट्रायग्लिसराइडच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे १२ रेणू खर्ची पडतात. तोच ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने गेला तर हायड्रोजनचे ३ रेणू पुरतात, मात्र प्रत्येक साखळीतला एक कार्बन गमवावा लागतो. प्रत्यक्षात या दोन्ही वाटा एकाच वेळी चालतात.

यातून मिळतात त्या सरळ साखळीच्या पॅराफिन, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनचे रेणू. त्या उत्तम जळतात, पण १८ कार्बनची सरळ पॅराफिन २८ अंश सेल्सिअसलाच घट्ट होते, आणि विमानाच्या इंधनाला तर उणे ४० अंशांच्याही खाली प्रवाही राहावे लागते. म्हणून दुसऱ्या रिॲक्टरमध्ये, आम्लधर्मी आणि रेणूच्या मापाच्या बारीक छिद्रांच्या घन पदार्थावर (आण्विक चाळणीवर) बसवलेल्या प्लॅटिनमवर, या साखळ्यांना फांद्या फोडल्या जातात आणि थोड्या साखळ्या तोडल्याही जातात. तोडणे अटळ असते, कारण १८ कार्बनची सरळ पॅराफिन ३१६ अंशांच्या आसपास उकळते आणि विमान इंधनाची ऊर्ध्वपातनातली वरची मर्यादा ३०० अंश आहे. दोन रिॲक्टरांच्या मध्ये वायू वेगळे करणारा एक विलगक आणि द्रवात विरघळलेले वायू काढणारा एक स्ट्रिपर होता. पाणी, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया दुसऱ्या रिॲक्टरपर्यंत पोहोचू न देणे हे त्यांचे काम.

या मार्गाने बनलेल्या घटकाला एएसटीएम डी ७५६६ या विमान इंधनाच्या प्रमाणकात २०११ साली स्थान मिळाले. पेट्रोलियम इंधनात तो जास्तीत जास्त ५० टक्के मिसळता येतो. मिश्रणापूर्वी त्याचा गोठणबिंदू उणे ४० अंश किंवा त्याहून खाली असावा लागतो आणि त्यातील धातूंवरही कडक मर्यादा आहे.

अडचण

संयंत्र सुरुवातीला पूर्ण शुद्ध केलेल्या तेलावर चालवले गेले आणि तेव्हा सगळे सुरळीत होते. मात्र शुद्ध तेल महाग पडते, आणि प्रकल्पाचा उद्देशच स्वस्त तेलावर प्रक्रिया करता येते हे दाखवण्याचा होता. त्यामुळे पुढच्या टप्प्यात पुरवठादाराकडे फक्त पाण्याने डीगमिंग (फॉस्फरस असलेली चिकट गाद काढण्याची प्रक्रिया) झालेले तेल घेतले गेले. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर फॉस्फरस ठरलेल्या मर्यादेत होता आणि संयंत्राच्या प्रयोगशाळेनेही तसाच अहवाल दिला.

तेल बदलल्यानंतर काही आठवडे काहीच जाणवले नाही. मग केरोसीनच्या कटाचा (ऊर्ध्वपातनातून वेगळ्या केलेल्या भागाचा) गोठणबिंदू हळूहळू वर सरकू लागला. शिफ्टमधल्या ऑपरेटरने शिकवल्याप्रमाणे दुसऱ्या रिॲक्टरचे तापमान थोडे वाढवले आणि गोठणबिंदू पुन्हा खाली आला. काही दिवसांनी तो परत चढला आणि तापमान परत वाढवले गेले. असे अनेकदा झाले. गोठणबिंदूच्या आलेखात फारशी काळजी करण्यासारखे काही दिसत नव्हते, कारण प्रत्येक वाढ लगेच दाबली जात होती. फरक पडत होता तो वस्तुमानाच्या ताळेबंदात. वायू आणि नाफ्था (केरोसीनपेक्षा हलका द्रव) वाढत होते, केरोसीन घटत होते. तापमान वाढवले की फांद्या फुटण्यासोबत साखळ्या तुटण्याचा वेगही वाढतो, आणि हव्या त्या पट्ट्यातला माल हलक्या पट्ट्यात निसटतो.

याच काळात पहिल्या रिॲक्टरच्या दोन टोकांमधला दाबातला फरकही वाढत होता. तो वेगळ्या पानावर नोंदला जात होता आणि ‘उत्प्रेरक जुना होतो तसे व्हायचेच’ असे त्याचे स्पष्टीकरण सगळ्यांनी स्वीकारले होते. दोन पाने शेजारी ठेवून कोणी पाहिली नव्हती.

पर्यायांचा विचार

केरोसीनचा उतारा ठरलेल्या किमान पातळीखाली गेला तेव्हा बैठक बोलावली गेली. बैठकीच्या सुरुवातीलाच बहुतेकांनी दुसऱ्या रिॲक्टरच्या उत्प्रेरकावर ठपका ठेवला. त्यात तर्क होता. गोठणबिंदू तिथेच ठरतो, आणि प्लॅटिनमला गंधकाचे वावडे असते हे सर्वांना माहीत होते. पहिल्या रिॲक्टरच्या सल्फाइड उत्प्रेरकाने आपले गंधक टिकवून ठेवावे म्हणून तेलात डायमिथाइल डायसल्फाइड हे गंधक पुरवणारे संयुग मिसळावे लागते, कारण वनस्पती तेलात स्वतःचे गंधक नगण्य असते. हेच गंधक स्ट्रिपरमधून निसटून पुढे जात असावे, असा निष्कर्ष निघाला.

पुढे आलेल्या पर्यायांपैकी ऊर्ध्वपातनाचा वरचा कट खाली आणण्याचा पर्याय लगेच बाजूला पडला. जड पॅराफिन वगळल्या की गोठणबिंदू नक्कीच सुधारतो, पण आधीच घटलेला उतारा आणखी घटतो. दुसऱ्या रिॲक्टरचा उत्प्रेरक बदलण्याचा पर्याय खर्चिक होता आणि कारण कळल्याशिवाय नवा उत्प्रेरक त्याच परिस्थितीत घालणे शहाणपणाचे नव्हते. उष्ण हायड्रोजनने तो धुऊन काढता आला असता, पण त्यासाठी संयंत्र थांबवावे लागले असते.

चौथा पर्याय होता काही काळ पुन्हा शुद्ध तेलावर येऊन पाहण्याचा. तो एका वरिष्ठ अभियंत्याने मांडला आणि ‘ही तर माघार झाली’ या शब्दांत तो फेटाळला गेला. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत महागात पडलेला निर्णय आहे. त्या पर्यायाकडे उत्पादनाचा निर्णय म्हणून पाहिले गेले; खरे तर ती एक चाचणी होती. शुद्ध तेलावर गोठणबिंदू सुधारला असता तर दोष तेलाशी बांधला गेला असता, आणि सुधारला नसता तर दुसऱ्या रिॲक्टरवरचा संशय पक्का झाला असता. साठ्यात शुद्ध तेल शिल्लक होते.

निवडला गेला तो पाचवा पर्याय: डायसल्फाइडची मात्रा कमी करायची आणि दुसऱ्या रिॲक्टरचे तापमान गरजेप्रमाणे वाढवत राहायचे. त्याला ना थांबा लागत होता ना खर्च, आणि बैठकीत असे पर्याय सहसा जिंकतात.

चुकलेली दिशा आणि तिची दुरुस्ती

मात्रा कमी केल्यावर पहिल्या काही शिफ्टमध्ये काही फरक दिसला नाही. नंतर गोठणबिंदू पूर्वीपेक्षा वेगाने चढू लागला. स्ट्रिपरच्या तळातून जाणाऱ्या द्रवातले गंधक तपासले तर ते आधीही मर्यादेतच होते आणि आताही होते. म्हणजे गंधकाचा आरोप टिकत नव्हता.

वळण मिळाले ते एका साध्या चाचणीने. प्रयोगशाळेतल्या एका कनिष्ठ रसायनशास्त्रज्ञाने पहिल्या रिॲक्टरमधून बाहेर पडणाऱ्या द्रवाचा आम्लांक (त्यात आम्ल किती आहे याचे माप) काढला. नेहमीच्या कार्यक्रमात ही चाचणी नव्हती, कारण तिथे ऑक्सिजन पूर्ण निघालेला असतो असे गृहीत होते. आम्लांक शून्याच्या जवळ असायला हवा होता. तो तसा नव्हता. फॅटी ॲसिडचा काही भाग प्रक्रिया न होता पुढे जात होता. दुसऱ्या रिॲक्टरमध्ये त्याचे रूपांतर होताना तिथेच पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होत होते. मोनॉक्साइड प्लॅटिनमच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो आणि हायड्रोजनला जागा देत नाही. स्ट्रिपर कितीही चांगला चालला तरी त्याच्या पुढे निर्माण होणारी घाण तो काढू शकत नाही.

यानंतर पहिल्या रिॲक्टरच्या तापमानाच्या नोंदी बाहेर काढल्या गेल्या. रिॲक्टरच्या उंचीभर ठरावीक अंतरावर तापमान मोजणारे थर्मोकपल बसवलेले होते आणि त्यांच्या नोंदी पहिल्या दिवसापासून साठवल्या जात होत्या, पण रोजच्या अहवालात फक्त सरासरी आणि निर्गमाचे तापमान जात असे. सगळे थर्मोकपल एकाच आलेखावर काढले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. ऑक्सिजन काढण्याची आणि दुहेरी बंध संपृक्त करण्याची क्रिया भरपूर उष्णता सोडते. उत्प्रेरकाच्या नव्या बेडमध्ये (रिॲक्टरमधल्या दाण्यांच्या थरात) ही उष्णता वरच्या भागात निर्माण होते, त्यामुळे वरचे थर्मोकपल चढा फरक दाखवतात आणि खालचे जवळपास सपाट असतात. इथे तो चढ आठवड्यागणिक खाली सरकत गेला होता. सर्वांत वरच्या थर्मोकपलवर तेलाच्या प्रवेशाच्या तापमानापेक्षा जेमतेम फरक उरला होता. म्हणजे वरचा उत्प्रेरक मेला होता आणि त्याचे काम खालच्या थरांवर आले होते. डायसल्फाइड कमी केल्याने या उरलेल्या थरांचेही गंधक कमी होऊ लागले, म्हणून घसरण वेगावली. मात्रा त्याच दिवशी पूर्ववत केली गेली.

रोजच्या अहवालातल्या आकड्यांत हा बदल लपून गेला होता. उष्णता वर सुटो की खाली, निर्गमाचे तापमान जवळपास तेच राहते.

फॉस्फरस आला कुठून?

बेडचा वरचा भाग असा मरणे आणि दाबातला फरक वाढणे या दोन्ही खुणा फॉस्फरस आणि धातूंकडे बोट दाखवत होत्या. बियांच्या तेलात फॉस्फोलिपिड (फॉस्फरस असलेले मेदपदार्थ) असतात आणि त्यांच्यासोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम येतात. उत्प्रेरकावर ते फॉस्फेटच्या रूपाने बसतात, छिद्रे बुजवतात आणि दाणे एकमेकांना चिकटवतात. फॉस्फरसची आम्लधर्मी संयुगे असंपृक्त साखळ्यांना एकमेकांशी जोडून कोकही (कार्बनचा साठाही) वाढवतात. पण प्रमाणपत्र आणि प्रयोगशाळा दोघेही सांगत होते की फॉस्फरस मर्यादेत आहे.

उत्तर तेलाच्या टाकीत सापडले. नमुना टाकीच्या बाजूच्या, बऱ्याच उंचीवरच्या नळातून घेतला जात असे. पंप मात्र तेल तळाजवळून ओढत होता. टाकीला उष्णता देणारी वाफ रात्री बंद असे. त्या वेळात तेलातली ओलावा शोषलेली गाद खाली बसत असे आणि सकाळी पंप सुरू झाला की सर्वांत आधी तीच रिॲक्टरकडे जात असे. सकाळच्या पहिल्या तासात पंपाच्या निर्गमावरून नमुना काढून काचेच्या लांब नळकांड्यात उभा ठेवला, तेव्हा दुपारपर्यंत तळाशी तपकिरी, साबणासारखा बुळबुळीत थर जमला. वरचे तेल स्वच्छ सोनेरी दिसत होते. प्रयोगशाळा इतके दिवस हेच वरचे तेल तपासत होती.

यावर आणखी एक गोष्ट. धातू आणि फॉस्फरस मोजणाऱ्या उपकरणाची बारीक नळी तुंबू नये म्हणून गढूळ नमुना आधी गाळून घेण्याची प्रयोगशाळेत पद्धत होती. उपकरणाच्या दृष्टीने ती योग्यच होती. परंतु ज्या पदार्थाचा शोध घ्यायचा तोच गाळणकागदावर राहून जात होता, आणि अहवालात ‘नमुना गाळून घेतला’ असा उल्लेख नव्हता. पुरवठादाराचे प्रमाणपत्रही स्थिरावलेल्या तेलाचे होते, हे पुढे पत्रव्यवहारातून कळले. कोणी खोटे लिहिले नव्हते. न गाळलेला नमुना ॲसिडने पूर्ण पचवून तपासला तेव्हा फॉस्फरस, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे तिन्ही मर्यादेच्या कितीतरी पट निघाले.

गाळलेल्या तेलातही फॉस्फरस मर्यादेच्या काठावर होता. पाण्याने होणाऱ्या डीगमिंगमध्ये पाण्याला धरणारी फॉस्फोलिपिड निघतात. फॉस्फॅटिडिक ॲसिडचे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्षार पाण्याला दाद देत नाहीत आणि तेलातच विरघळलेले राहतात. त्यामुळे नुसते स्थिरावून गाळणे हा उपाय अपुरा ठरला असता.

प्रत्यक्ष कृती

संयंत्र थांबवले गेले. सल्फाइड उत्प्रेरकाला हवा लागली की तो आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून रिॲक्टर हायड्रोजनखाली थंड करून, नायट्रोजनने भरून मगच उघडला गेला आणि वरचा थर नायट्रोजनच्या आवरणाखाली काढला गेला. सर्वांत वरचे दाणे एकमेकांत रुतून कवच झाले होते आणि ते फोडून काढावे लागले. खाली जाऊ तसे दाणे मोकळे होत गेले. वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने तपासले असता फॉस्फरस आणि कॅल्शियम वरच्या भागात एकवटलेले आणि खाली झपाट्याने घटत गेलेले दिसले, म्हणजे थर्मोकपलच्या आलेखाने जे सांगितले होते त्याला दुजोरा मिळाला.

बेड पुन्हा भरताना रचना बदलली. सर्वांत वर मोठ्या पोकळीच्या कड्या, त्याखाली मोठ्या छिद्रांचा आणि मुद्दाम कमी क्रियाशील ठेवलेला, अशुद्धी आधीच अडवणारा गार्ड उत्प्रेरक, आणि त्यानंतर मुख्य उत्प्रेरक असे थर दिले. गार्ड उत्प्रेरक कमी क्रियाशील ठेवण्यामागे विचार असा की, तेल शिरताच सगळी उष्णता एकाच जागी सुटली तर कोक आणि चिकट बहुवारिके (पॉलिमर) तिथेच वाढतात.

तेलाच्या बाजूला फॉस्फोरिक ॲसिडने डीगमिंग, थोडे पाणी, सेंट्रिफ्यूज आणि त्यानंतर ब्लीचिंग अर्थ (अशुद्धी शोषून घेणारी माती) असा पूर्वउपचार जोडला गेला. टाकीतून ओढणारा पाइप तळापासून वर घेतला, तळाचा निचरा रोजच्या कामात घातला आणि नमुना पंपाच्या निर्गमावरूनच, न गाळता घ्यायचा असा नियम झाला.

दुसऱ्या रिॲक्टरचा उत्प्रेरक बदलला नाही. तो उष्ण हायड्रोजनने धुऊन पुन्हा वापरायचे ठरले. मोनॉक्साइड आणि पाण्याचा परिणाम बराचसा उलटवता येतो, कोकचा काही अंशीच, म्हणून सुधारणा किती होईल याबद्दल खात्री नव्हती.

बिघाडाच्या काळात साठलेल्या केरोसीनचे काय करायचे, यावर वेगळी चर्चा झाली. काही साठ्यांचा गोठणबिंदू मर्यादेबाहेर होता आणि ते चांगल्या साठ्यात थोडे थोडे मिसळून खपवावेत अशी सूचना आली. ती स्वीकारली गेली नाही. गोठणबिंदू मिश्रणाच्या प्रमाणात सरळ रेषेत बदलत नाही. सर्वांत लांब सरळ पॅराफिन आधी स्फटिक होतात आणि थोड्या प्रमाणातही त्या संपूर्ण मिश्रणाचा गोठणबिंदू वर ओढतात. ते साठे डिझेलच्या वर्गात टाकले गेले.

निष्पत्ती

पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या रिॲक्टरमधून निघणाऱ्या द्रवाचा आम्लांक अपेक्षेप्रमाणे शून्याजवळ आला आणि तापमानाचा चढ पुन्हा बेडच्या वरच्या भागात दिसू लागला. दुसऱ्या रिॲक्टरचे तापमान टप्प्याटप्प्याने खाली आणता आले, तरी शुद्ध तेलावर सुरुवातीला जे तापमान पुरत असे तिथपर्यंत ते पोहोचले नाही. काही क्रियाशीलता कायमची गेली होती. केरोसीनचा उतारा बराच सावरला आणि गोठणबिंदू स्थिर राहिला.

पूर्वउपचाराने नवे प्रश्नही आणले. काढलेल्या गाळाबरोबर थोडे चांगले तेल वाया जाते. वापरलेल्या ब्लीचिंग अर्थमध्ये तेल मुरलेले असते आणि ढीग करून ठेवल्यास हवेशी संयोग होऊन तो आतून तापत जातो, पेटही घेऊ शकतो. त्यासाठी झाकणाचे वेगळे पिंप आणि तापमानाची नोंद ठेवावी लागली. स्वस्त तेलाचा जो फायदा कागदावर मांडला होता, त्यातला काही भाग इथे खर्ची पडला.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट म्हणजे दुसऱ्या रिॲक्टरच्या तापमानात केलेली प्रत्येक वाढ कारणासह एका जागी नोंदायला हवी होती. पहिल्या वाढीचे समर्थन होऊ शकते, पण थोड्याच दिवसांत तीच गरज पुन्हा पडली तेव्हा थांबून विचारायला हवे होते. वाढीचा अधिकार शिफ्टकडे होता आणि ती किती झाली याची बेरीज कोणाच्याच टेबलावर नव्हती.

दुसरी गोष्ट डायसल्फाइडची. एका उत्प्रेरकाला वाचवण्यासाठी दुसऱ्याचे गंधक कमी करण्यापूर्वी स्ट्रिपरच्या तळातले गंधक मोजणे शक्य होते. ती चाचणी उपलब्ध होती, फक्त निर्णयाच्या आधी न होता नंतर झाली.

नत्राचा प्रश्न मात्र सुटला नाही. फॉस्फोलिपिड आणि प्रथिनांच्या अवशेषांतून नत्रही येते, त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो दुसऱ्या उत्प्रेरकाच्या आम्लधर्मी जागा निकामी करतो. बिघाडात त्याचा वाटा किती होता हे नंतर ठरवता येण्यासारखे नव्हते, कारण त्या काळातले नमुने जपून ठेवलेले नव्हते.

पूर्वउपचार किती कडक ठेवावा यावर तिथे अजूनही दोन मते आहेत. एका मते फॉस्फरस मोजता येणार नाही इतका खाली न्यावा. दुसऱ्या मते शेवटच्या एक-दोन पीपीएमसाठी (दशलक्षात एक-दोन भागांसाठी) लागणारे ब्लीचिंग अर्थ आणि वाया जाणारे तेल यांपेक्षा गार्ड उत्प्रेरकाचा थर जाड करणे स्वस्त पडते, कारण तो नाहीतरी बदलायचाच असतो. पथदर्शी संयंत्राच्या आकारावर हा हिशेब पहिल्या मताच्या बाजूने झुकतो; मोठ्या रिॲक्टरमध्ये, जिथे थांब्याचा खर्च वेगळाच असतो, तो उलटा निघू शकतो. सध्या मधली मर्यादा ठेवली आहे आणि प्रत्येक नियोजित थांब्यात गार्ड बेडचे थर वेगवेगळे काढून त्यांतला फॉस्फरस मोजला जातो. पुढची मर्यादा त्या आकड्यांवरून ठरणार आहे.